पडद्यावरील पहिली तारामती

मुंबईच्या ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारा, कृश अंगकाठीचा व नाजूक हातांचा एक तरुण दादासाहेब फाळके यांच्या नजरेस पडला आणि त्याच्या आयुष्यास निराळेच वळण लागले. तो तरुण म्हणजे अण्णा साळुंके.

फाळके यांना ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटासाठी तारामती हवी होती. परंतु चित्रपटात काम करणे त्या काळी स्त्रीजातीस लांच्छनास्पद मानले जाई. पुष्कळ शोध करूनही कोणी स्त्री मिळेना. साळुंके यांना तेव्हा दरमहा १० रुपये मिळत. फाळके यांनी १५ देऊ केले व त्यांनी होकार दिला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांनी ही तारामती पाहिली. पुढे थोड्याच काळात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या, तरीही साळुंके यांची गरज सरली नाही. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम व सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. शब्दांची साथ नसताना एकाच देहाने विरहाची दोन्ही दुःखे प्रकट करणे सोपे नव्हते. कालांतराने त्यांनी छायाचित्रणाची कलाही हस्तगत केली.

विद्यार्थिमित्रहो, पोटासाठी पत्करलेले आणि चारचौघांनी हलके लेखलेले काम त्यांनी मन लावून केले. म्हणूनच भारतीय चित्रपटाचा इतिहास सांगताना राजाबरोबर या राणीचेही नाव घ्यावे लागते.