मीठ धुणाऱ्या घरातली मुलगी

तुम्ही मुक्ताईनगरचे असाल, तर मांड्यांची गोष्ट तुम्हाला नव्याने सांगायला नको. वाळीत टाकलेल्या पोरांना कुणी भांडं देऊ नये, असं विसोबा चाटीने कुंभारांना बजावलं. मग मुक्ताईने मांडे ज्ञानदेवांच्या तापलेल्या पाठीवर भाजले. ते पाहून विरघळलेला विसोबा त्या भावंडांचं उष्टं खायला धावला. आपल्या लक्षात राहतो तो चमत्कार. पण नीट बघा, ही भांडणाची गोष्ट सुरू होते स्वयंपाकाच्या भांड्यावरून आणि मिटते ती ताटापाशी.

आज ओळख करून घ्यायची आहे ती अशाच एका ताटाची गोष्ट जगलेल्या बाईंची. लक्ष्मीबाई टिळक. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या. मराठीच्या अभ्यासक्रमात नाव वाचलं असेल, पण त्यांनी चाललेलं अंतर किती मोठं होतं, हे त्यावरून कळत नाही.

लक्ष्मीबाई जन्मल्या 1868 मध्ये, नाशिकजवळच्या जलालपूरला. त्यांच्या आईच्या वडिलांना 1857 च्या धामधुमीत फाशी झाली होती. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या डोक्यात सोवळं इतकं भिनलं, की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घेत नसत. मीठसुद्धा! आता मीठ धुतल्यावर उरणार किती, हे तुम्हीच सांगा. बाहेरच्या माणसाचा हात लागला की अन्न बाटतं, हे या मुलीने कळायला लागल्यापासून पाहिलं.

1880 मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास, नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. नवरा कवी, हुशार आणि कमालीचा अस्थिर. आज इथे, उद्या तिथे. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन प्रवाशाने टिळकांना बायबलमधला ‘नवा करार’ वाचायला दिला. पुढे दोन वर्षं विचारांची उलथापालथ चालली आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. पदरात लहान मुलगा. काही काळ त्या पंढरपूरला नातेवाइकांकडे राहिल्या. ताटातूट चार-पाच वर्षं चालली. अखेर त्या टिळकांकडे नगरला परतल्या, पण आपल्या अटीवर. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी ते मान्य केलं. सक्ती केली नाही, हे महत्त्वाचं.

मग एक दिवस लक्ष्मीबाईंनी स्वतःलाच प्रश्न विचारला. ही जात देवाने केली की माणसाने? उत्तर सापडलं तेव्हा त्यांनी सभा घेतली नाही की जाहीरनामा काढला नाही. ज्यांच्या हातचं आजवर शिवलंही नव्हतं, त्यांच्या हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. बस्स. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण खरं सीमोल्लंघन त्याआधीच, घासाघासाने झालं होतं.

आता तुम्ही विचाराल, धर्माच्या गोष्टीत हे खाणंपिणं सारखं का येतंय? कारण ख्रिस्ती उपासनेच्या गाभ्यातच एक जेवण आहे. त्याला प्रभुभोजन म्हणतात. पकडला गेला त्याच रात्री, त्याआधी, येशू शिष्यांबरोबर जेवला, भाकर मोडून सगळ्यांना दिली, एकच प्याला फिरवला. ती रात्र चर्चमध्ये भाकरीच्या तुकड्याने आणि द्राक्षारसाच्या घोटाने पुन्हा जागवली जाते.

या घोटावरून युरोपात केवढी वादळं झाली! सोळाव्या शतकात प्याला फक्त धर्मगुरू घेत, सामान्यांच्या वाट्याला भाकर तेवढी येई. जर्मनीत मार्टिन ल्युथरने त्याला हरकत घेतली. प्याला सगळ्यांचा आहे, असं त्याचं म्हणणं. उपासना लॅटिनमध्ये चाले, ती त्याने लोकांच्या जर्मन भाषेत आणली आणि लोकांना गायला लावलं. 1529 मध्ये मारबुर्गला झ्विंग्लीशी त्याचा वाद झाला तो याच भोजनावरून. झ्विंग्ली म्हणे, ही आठवण आहे. ल्युथर म्हणे, नुसती आठवण नव्हे, त्या भाकरीत आणि प्याल्यात ख्रिस्त खरोखर स्वतःला देतो. म्हणून ल्युथरन चर्चमध्ये उपासना म्हणजे आधी माणसाने देवासाठी केलेलं काही नसतं. देव वाढतो आणि माणूस रिकाम्या हाताने घेतो. पुण्याईवर पान मांडलं जात नाही.

टिळक पती-पत्नी ल्युथरन नव्हते. ते अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतले. भोजनाचा अर्थ लावण्यात पंथापंथांत फरक आहेच. पण नगरच्या चर्चमध्ये बसलेल्या लक्ष्मीबाईंचा विचार करा. मीठ धुणाऱ्या घरातली मुलगी, शेजारी महार-मांग समाजातून आलेली माणसं, आणि सगळ्यांसाठी एकच भाकर. पुस्तकातला अर्थ एका बाजूला ठेवला, तरी हात पुढे करताना तिला काय ओलांडावं लागलं असेल!

ल्युथरने जर्मनसाठी केलं तेच टिळकांनी मराठीसाठी केलं. परक्या चालीची भाषांतरित गीतं त्यांना पुरेनात. त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते मानत. काल्याच्या कीर्तनानंतर पंगतीला बसणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या उपासनेचा सूर परका वाटू नये. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या, तो काला. कथा वेगळी, श्रद्धा वेगळी, पण एकत्र गाऊन झाल्यावर एकत्र खायचं, ही कसोटी दोन्हीकडे आहे.

लक्ष्मीबाईंच्या घराचं दारही मग सताड उघडं राहिलं. दुष्काळात अनाथ झालेली मुलं त्यांनी सांभाळली. आपल्या धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोमरे काही काळ या घरात राहिला आणि लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर आईसारखी माया केली. 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ठरलेला तो हाच मुलगा.

टिळक 1919 मध्ये गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं होतं, ते शाळेत फारसं न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. 1936 मध्ये त्या गेल्या, तोवर ‘स्मृतिचित्रे’ मराठीच्या हाती आलं होतं.

हॉस्टेलच्या मेसमध्ये आपण सगळे एकाच टेबलावर जेवतो, त्यामुळे हे सगळं जुनं वाटेल. पण घरी गेल्यावर कुणासाठी वेगळा कप निघतो का, लग्नात कुणाची पंगत शेवटी बसते का, ते एकदा बघा. चर्च असो, मंदिर असो, एका सुरात गाणं तसं सोपं असतं. अवघड असतो त्यानंतरचा घास. लक्ष्मीबाईंनी तो घेतला. कॉलेजच्या लायब्ररीत ‘स्मृतिचित्रे’ असेल. काढून आणा. भाषा अगदी गप्पांची आहे, हसत हसत वाचाल.