नजर ठेवणाऱ्याचे नियम

लग्न ठरण्यापूर्वी मुलाची माहिती काढणे हे आपल्याकडे एकेकाळी मामाचे, काकांचे किंवा त्या गावात राहणाऱ्या एखाद्या दूरच्या नातलगाचे काम असे. शहरे वाढली, चाळी पाडून टॉवर उभे राहिले, शेजाऱ्याला शेजाऱ्याचे नाव ठाऊक नाही अशी अवस्था आली आणि हेच काम पैसे घेऊन करणारी माणसे पुढे आली. मुंबई-पुण्यात आज खासगी गुप्तहेराकडे जाणारा माणूस बहुधा खून-दरोड्यासाठी जात नाही. तो जातो संशयापोटी, काळजीपोटी किंवा घराच्या अब्रूपोटी. अशा वेळी कोणावर विश्वास ठेवावा, हा प्रश्न मात्र फार जुना आहे. ज्या माणसाने हा धंदा जगभर नावारूपाला आणला, त्यालाही तो पडला होता. त्याचे नाव अ‍ॅलन पिंकर्टन.

पिंकर्टनचा जन्म 1819 साली स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात, गोर्बल्स या गरीब वस्तीत झाला. लाकडी पिंपे बनविण्याचे काम तो शिकला. कामगारांना मताधिकार मिळावा म्हणून त्या काळी ब्रिटनमध्ये चार्टिस्ट चळवळ पेटली होती. तरुण पिंकर्टन तिच्यात हिरीरीने उतरला. 1842 साली लग्न होताच पत्नी जोनसह त्याने अमेरिकेची वाट धरली आणि शिकागोच्या वायव्येस असलेल्या डंडी या लहानशा गावात पिंपांचा कारखाना थाटला.

गुप्तहेरीचा त्याच्याशी संबंध आला तो निव्वळ योगायोगाने. पिंपांसाठी लाकूड तोडायला तो फॉक्स नदीतील एका निर्जन बेटावर गेला असता तेथे कोणीतरी वावरत असल्याच्या खुणा त्याला दिसल्या. दुसरा कोणी असता तर परत फिरला असता. पिंकर्टन मात्र पुन:पुन्हा जाऊन पाळत ठेवत राहिला. अखेर तो शेरीफला घेऊन गेला आणि खोटे चलन बनविणारी एक टोळी पकडली गेली. या घटनेने पिंपे बनविणाऱ्याचा गुप्तहेर झाला. 1849 मध्ये शिकागो पोलिसांत त्याची नेमणूक झाली आणि 1850 च्या सुमारास त्याने स्वत:ची संस्था काढली. उघडा डोळा हे तिचे बोधचिन्ह होते आणि आपण कधीच झोपत नाही, असा तिचा दावा होता. इंग्रजीत खासगी गुप्तहेराला 'प्रायव्हेट आय' म्हणतात, ते या डोळ्यावरूनच रूढ झाले असे मानले जाते.

त्या काळी गुप्तहेर या जातीची पत फारशी बरी नव्हती. चोरांशी संगनमत करायचे, चोरीचा माल परत मिळवून द्यायचा आणि बक्षिसात वाटा घ्यायचा, असा अनेकांचा रिवाज होता. पिंकर्टनने आपल्या संस्थेसाठी लेखी नियम केले. दिवसागणिक ठरलेली फी आणि झालेला खर्च एवढेच घ्यायचे. बक्षीस घ्यायचे नाही. निकालावर अवलंबून असलेला मोबदलाही घ्यायचा नाही. यामागचा विचार सरळ होता. संशय खरा ठरला तरच ज्याला पैसे मिळणार, तो माणूस संशय खरा ठरविल्याशिवाय राहणार नाही. त्याची माणसे रोजच्या रोज अहवाल लिहीत. त्यामुळे कामाचा हिशेब कागदावर राही.

आणखी एक नियम विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. घटस्फोटाची प्रकरणे आणि खासगी लफडी संस्थेने हाती घ्यायची नाहीत. दुसऱ्या एखाद्या गुन्ह्याशी संबंध असल्याखेरीज कोणत्याही स्त्रीच्या चारित्र्याची चौकशी करायची नाही. ज्या कामांवर आजच्या अनेक संस्थांचा चरितार्थ चालतो, नेमकी तीच कामे या व्यवसायाच्या आद्य प्रवर्तकाने नाकारली होती.

म्हणजे घरगुती दु:ख घेऊन आलेल्या माणसाला तो सरसकट परत पाठवीत होता काय? तसेही नाही. 1875 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एका पुस्तकात एका जहाजाच्या कप्तानाची हकीकत आहे. सख्खी बहीण आपल्यावर विषप्रयोग करीत असल्याचा संशय घेऊन हा भाऊ पिंकर्टनकडे येतो. बहीण एका विवाहित पुरुषाच्या नादी लागलेली असते. येथे प्रश्न केवळ नीती-अनीतीचा नव्हता, जिवाचा होता. म्हणून पिंकर्टन काम स्वीकारतो आणि ते केट वॉर्नवर सोपवितो. केट भविष्य सांगणाऱ्या स्त्रीचे सोंग घेते, बहिणीचा विश्वास संपादन करते आणि सारे गुपित बाहेर काढते. पिंकर्टनच्या पुस्तकांना कादंबरीचा रंग चढलेला असतो, हे ध्यानात घेऊनच ही कथा वाचली पाहिजे. तरी कोणते काम घ्यायचे आणि कोणते नाही, याची त्याची रेषा तीतून स्पष्ट दिसते.

ही केट वॉर्न 1856 मध्ये नोकरी मागायला आली, तेव्हा तिला कारकून म्हणून काम हवे असेल असे पिंकर्टनला वाटले. पुरुषांना जेथे प्रवेश नाही तेथे स्त्री सहज पोहोचू शकते, हे तिने त्याला पटवून दिले. अमेरिकेतील पहिली स्त्री गुप्तहेर म्हणून तिचे नाव घेतले जाते. फेब्रुवारी 1861 मध्ये नवनिर्वाचित अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यावर बाल्टिमोरमध्ये हल्ला होणार असल्याची खबर पिंकर्टनने काढली. तेव्हा लिंकन यांना आजारी भाऊ म्हणून रात्रीच्या गाडीतून नेण्याची व्यवस्था केटनेच केली. तो कट कितपत खरा होता, याविषयी इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. 1868 मध्ये केटचे निधन झाले. शिकागोच्या ग्रेसलँड दफनभूमीत पिंकर्टन कुटुंबाच्या जागेतच तिला मूठमाती देण्यात आली.

मात्र नियम करणारा माणूस नेहमी नियमाने वागतोच असे नाही. यादवी युद्धात पिंकर्टन सेनापती मॅक्लेलन यांचा हेरप्रमुख होता. त्याने शत्रूचे बळ प्रत्यक्षापेक्षा कितीतरी फुगवून सांगितले. आधीच सावध असलेल्या सेनापतीला हवे तेच अहवालात मिळाले. पुढे जेसी जेम्स या दरोडेखोराच्या मागावर असताना पिंकर्टनची माणसे मारली गेली, तेव्हा तो शोध राहिला नाही, ते वैर झाले. जानेवारी 1875 मध्ये रात्री जेम्सच्या घराला वेढा पडला आणि आत पेटता गोळा फेकला गेला. जेसी तेथे नव्हताच. त्याचा आठ वर्षांचा सावत्र भाऊ मेला आणि आईला हात गमवावा लागला. लोकांची सहानुभूती दरोडेखोराकडे वळली. एकेकाळच्या चार्टिस्ट कामगाराची संस्था पुढे कामगार संघटनांत हेर घुसविण्यासाठी कुप्रसिद्ध झाली, हा दैवदुर्विलासच म्हणायचा.

1 जुलै 1884 रोजी शिकागो येथे पिंकर्टनचे निधन झाले. संस्था मुलांनी चालविली. 1999 साली ती सिक्युरिटास या स्वीडिश कंपनीने विकत घेतली.

आपल्याकडे या व्यवसायावर नियंत्रण आणणारे विधेयक 2007 मध्ये राज्यसभेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी लोकांच्या मोबाइल संभाषणांचे तपशील बेकायदा मिळवून विकल्याच्या प्रकरणात काही खासगी गुप्तहेरांना अटक केली. त्यामुळे दक्षतेचा भार अजूनही बव्हंशी ग्राहकावरच आहे.

अशा ग्राहकाला पिंकर्टनच्या आयुष्यातून बरेच घेता येईल. फी आधी ठरते का, लेखी अहवाल मिळतो का, माहिती कोणत्या मार्गाने मिळविली जाणार, हे विचारावे. कोणाचेही फोन-तपशील काढून देतो म्हणणाऱ्याच्या दारातूनच परतावे. आपल्याला ऐकायचे आहे तेच सांगणारा गुप्तहेर सेनापतीलाही बुडवितो, मग आई-बापांची काय कथा! आणि एखादे काम मी करणार नाही, असे जो स्पष्टपणे सांगतो, त्याच्यावरच उरलेल्या कामासाठी विश्वास ठेवावा.