माशीचा तिसरा डोळा

जॉर्ज बीडल यांचा जन्म १९०३ साली अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. मुलाने शेतीच करावी, असे वडिलांना वाटे. पण शाळेतील विज्ञानाच्या बाईंनी त्यांना कॉलेजची वाट दाखवली.

पिकलेल्या केळ्यांभोवती बारीक माशा घोंघावताना तुम्ही पाहिल्या असतील. त्याच या फळमाशा. त्यांचे डोळे तपकिरी-लाल असतात, काहींचे मात्र भडक शेंदरी. असे का? १९३५ साली पॅरिसमध्ये बीडल आणि बोरिस एफ्रुसी यांनी एका अळीतील डोळ्याचा अंकुर काढून दुसऱ्या अळीच्या पोटात बसवला. अळी तांदळाच्या दाण्याहून लहान! हा नाद सोडा, असे एका जाणकार प्राध्यापकांनी सुचवले होते. या दोघांनी ऐकले नाही. अखेर एका माशीच्या पोटात तिसरा डोळा उगवला.

शेंदरी डोळ्याचा अंकुर निरोगी अळीत ठेवला, की तो डोळा तपकिरी-लाल होई. रंगासाठी लागणारा पदार्थ त्याला त्या अळीच्या शरीरातून मिळत होता. तो पदार्थ ओळखण्यासाठी बीडल व टेटम यांनी काही वर्षे खर्च केली. पण १९४० साली जर्मनीच्या बुटेनांट यांनी बाजी मारली. मग दोघांनी माशी सोडून बुरशी घेतली आणि जनुके विकरांवर ताबा ठेवतात, हे १९४१ साली दाखवले. १९५८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बीडल १९८९ साली वारले. शेंदरी डोळ्यांच्या माशीत बिघडलेले जनुकही एका विकराचेच निघाले. तसेच जनुक माणसातही आहे.