डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट : समाजकार्याचे शिक्षण वस्तीत नेणारे मिशनरी

समाजकार्याचे शिक्षण घेणारे विद्यार्थी आठवड्यातील ठरावीक दिवस वर्गाबाहेर, एखाद्या वस्तीत, रुग्णालयात वा बालगृहात घालवितात. त्यास क्षेत्रकार्य म्हणतात. भारतात या शिक्षणाचा पाया घालण्याचे श्रेय प्रामुख्याने ज्यांच्याकडे जाते ते डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनरी होते.

त्यांचा जन्म 1897 सालचा. शिकागो विद्यापीठात शिक्षण घेऊन ते 1925 साली अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आले आणि पुढील वर्षी त्यांनी नागपाड्यात ‘नेबरहुड हाऊस’ सुरू केले. दाटीवाटीच्या चाळी, गिरण्यांतील कामगार, शेजारीच कामाठीपुरा आणि नाना धर्मांची माणसे असा तो परिसर. तेथे वाचनालय, वर्ग आणि खेळ सर्वांना खुले होते. सेवेचा उपयोग धर्मांतरासाठी करावयाचा नाही, हा त्यांचा दंडक होता. त्या काळी मिशनऱ्याने असे म्हणणे सोपे नव्हते.

लवकरच त्यांच्या ध्यानी आले की, केवळ दयाबुद्धी पुरेशी नाही. न समजता केलेली मदत गरिबाला अधिकच परावलंबी करते. म्हणून प्रशिक्षित कार्यकर्ते हवेत, हे त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या विश्वस्तांना पटविले. 1936 साली नागपाड्यातच सर दोराबजी टाटा समाजकार्य पदव्युत्तर विद्यालय उघडले. पहिल्या तुकडीत विद्यार्थी होते अवघे 20 आणि पहिले संचालक होते स्वतः मॅन्शार्ट.

विद्यालयासाठी नागपाड्याची जागा योग्यच होती, असे म्हणावे लागेल. वर्गातील सिद्धान्ताची कसोटी दाराबाहेरच लागे. परंतु विद्यार्थ्याला नुसते वस्तीत सोडून देणे म्हणजे शिक्षण नव्हे. दुसऱ्याच्या दुःखावर हात साफ करून घेण्याचाच तो प्रकार. क्षेत्रकार्यात पर्यवेक्षकाचे स्थान आहे ते यासाठीच. विद्यार्थी भेटीची नोंद लिहितो. पर्यवेक्षक ती वाचून त्याच्याशी एकांतात चर्चा करतो. घाईने दिलेला सल्ला, मनातील पूर्वग्रह, न ऐकलेले शब्द तेथे उघडे पडतात. संकोच वाटतो खरा, पण त्या कुटुंबाचे रक्षणही त्यानेच होते.

हा अभ्यासक्रम अमेरिकन वळणाचा असून व्यक्तीवर अधिक आणि दारिद्र्याच्या मुळांवर कमी भर देतो, अशी टीका पुढे झाली. ती अगदीच निराधार नव्हती.

1941 साली मॅन्शार्ट यांनी संचालकपद सोडले. 1944 साली विद्यालयाचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था असे झाले. 1954 साली संस्था देवनारला गेली. मुंबईतच 1955 साली ‘डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी’ या कॅथलिक धर्मभगिनींच्या संस्थेने निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालय काढले आणि तेथील विद्यार्थीही क्षेत्रकार्यासाठी शहराच्या वस्त्यांत जाऊ लागले. मॅन्शार्ट 1989 साली निवर्तले.