लुई सॉकॅलेक्सिस : गुणवंत खेळाडूची करुण कहाणी

अमेरिकेतील मेन राज्यात पेनॉब्स्कॉट नदीच्या पात्रात इंडियन आयलंड नावाचे बेट आहे. हे पेनॉब्स्कॉट आदिवासींचे वसतिस्थान. या समाजाला सतराव्या शतकात फ्रेंच मिशनऱ्यांनी ख्रिस्ताची सुवार्ता सांगितली आणि त्यांनी ती श्रद्धा पिढ्यान्‌पिढ्या जपली. याच बेटावर २४ ऑक्टोबर १८७१ रोजी लुई सॉकॅलेक्सिस यांचा जन्म झाला.

वेगवान धाव आणि लांब पल्ल्याची अचूक चेंडूफेक ही त्यांना लाभलेली दैवी देणगी होती. वूस्टर येथील येशूसंघीयांच्या होली क्रॉस महाविद्यालयात बेसबॉल खेळताना त्यांची कीर्ती पसरली. १८९७ च्या आरंभी ते नोत्र दाम विद्यापीठात दाखल झाले. परंतु मद्यपानाच्या प्रकरणावरून त्यांना तेथून काढण्यात आले. त्याच वर्षी क्लीव्हलंडच्या स्पायडर्स या व्यावसायिक संघाने त्यांना करारबद्ध केले.

मैदानात ते उतरताच प्रेक्षक आदिवासींची नक्कल करीत आरोळ्या ठोकीत. वृत्तपत्रेही त्यांच्या वंशावरून थट्टा करीत. लुई यांनी याला बॅटने उत्तर दिले. जूनमध्ये न्यूयॉर्क येथे एमॉस रूझी या नामांकित गोलंदाजाला त्यांनी होमरन मारला. त्या मोसमातील ६६ सामन्यांत त्यांच्या फटक्यांची सरासरी .३३८ होती, म्हणजे दर शंभर संधींत जवळजवळ ३४ यशस्वी फटके.

मात्र जुलैत त्यांच्या घोट्याला गंभीर दुखापत झाली आणि दारूची पकड घट्ट होत गेली. पुढील दोन मोसमांत ते केवळ २८ सामने खेळले. मे १८९९ मध्ये संघाने त्यांना मुक्त केले.

लुई आपल्या माणसांत परतले. त्यांनी नाव वल्हवली, लाकूडतोड केली, सामन्यांत पंचाचे काम केले आणि वस्तीतील मुलांना बेसबॉल शिकवला. २४ डिसेंबर १९१३ रोजी, ख्रिस्तजयंतीच्या आदल्या दिवशी, जंगलात लाकूडतोडीचे काम करीत असताना हृदयक्रिया बंद पडून वयाच्या ४२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या जन्मबेटावरच त्यांना मूठमाती देण्यात आली.

दारूने त्यांची कारकीर्द हिरावली; आपली विद्या पुढच्या पिढीला देण्याची वृत्ती मात्र ती हिरावू शकली नाही. व्यसनाने ग्रासलेली माणसे आपल्याही धर्मग्रामात, आपल्याही घरात आहेत. त्यांना आरोळ्या ठोकणारे पुष्कळ भेटतात. आपण त्यांना हात देणारे व्हावे, हीच प्रभूचरणी प्रार्थना.