शेवटच्याला पहिला मान

लहानपणी आमच्या आळीत संध्याकाळी लगोरीचा किंवा कबड्डीचा डाव मांडला, की आधी दोन कप्तान ठरत आणि मग ते पाळीपाळीने एकेक भिडू मागून घेत. दांडगा, चपळ मुलगा पहिल्या झटक्यात उचलला जाई. मी अंगाने किरकोळ आणि पळण्यात मंद. त्यामुळे माझे नाव अगदी शेवटी येई, आणि तेही कुणाला मी हवा होतो म्हणून नव्हे. उरलेला गडी कुणाच्या तरी पदरात पडायचाच म्हणून. त्या वयात मला एक कोडे नेहमी पडे. काल ज्या कप्तानाने डाव जिंकला, त्यालाच आज पहिला भिडू मागण्याचा मान का? काल जो हरला, त्याला तो का नाही?

हे कोडे पुढे मी विसरून गेलो होतो. यंदा अर्थशास्त्राच्या चर्चासत्रासाठी खेळाडूंच्या लिलावावर टिपणे काढायला बसलो आणि ते पुन्हा समोर आले. आपल्याकडे २००८ साली आयपीएल आणि २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हापासून बोली लावून खेळाडू घेण्याची पद्धत आपल्या परिचयाची झाली आहे. पण अमेरिकेत फार पूर्वी एका माणसाने बोलीऐवजी पाळी आणली होती, आणि पहिली पाळी दिली होती ती सर्वांत शेवटच्या संघाला. त्या माणसाचे नाव बर्ट बेल. त्याचे चरित्र मला गोष्टीसारखे वाटले, म्हणून आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढे ते थोडक्यात ठेवत आहे.

बेलचा जन्म २५ फेब्रुवारी १८९५ रोजी फिलाडेल्फिया शहरात झाला. त्याचे खरे नाव डी बेनव्हिल. हे भारदस्त नाव त्याला कधीच आवडले नाही. तो आयुष्यभर बर्ट म्हणूनच वावरला. घर सधन होते. वडील पेनसिल्व्हेनिया राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल होते. थोरल्यांच्या इच्छेप्रमाणे मुलगा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दाखल झाला खरा, पण त्याचे मन पुस्तकापेक्षा मैदानात अधिक रमले.

तेथे ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे, हे आधी सांगायला हवे. दोन्ही टोकांना निमुळता असा लांबट चेंडू हातात घ्यायचा, आणि अंगावर धावून येणाऱ्यांना चुकवत अथवा धडक देत पुढे सरकायचे, असा तो रांगडा खेळ. त्यात क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू साऱ्या चाली चालवतो. बेल हा आपल्या विद्यापीठाचा क्वार्टरबॅक होता. १ जानेवारी १९१७ रोजी रोझ बाउलच्या मानाच्या सामन्यात त्याचा संघ ऑरेगनकडून १४ विरुद्ध ० असा हरला. पुढे महायुद्धात तो एका रुग्णालयाच्या पथकाबरोबर फ्रान्सला गेला, परत येऊन १९१९ साली पुन्हा खेळला, आणि नंतर त्याच विद्यापीठात साहाय्यक प्रशिक्षक झाला.

येथवरची कथा सुखवस्तू घरातल्या मुलाची. यापुढे तिला वेगळे वळण लागते. बेलला घोड्यांच्या शर्यतीचा आणि मद्याचा नाद होता. शर्यतीत त्याने मोठी रक्कम घालवली. १९२९ साली शेअर बाजार कोसळला तेव्हा उरलेसुरले गेले. अशा माणसाचे पुढे काय होते, हे आपण आपल्या आसपासही पाहतो. पण याच सुमारास फ्रान्सिस अप्टन ही रंगभूमीवरची नामवंत अभिनेत्री त्याच्या आयुष्यात आली. तिच्यासाठी त्याने १९३२ साली दारू सोडली आणि पुन्हा कधी तिला हात लावला नाही. १९३४ साली त्यांचा विवाह झाला. त्याच्या आदल्या वर्षी, तिच्याच पैशाच्या आधारावर, बेलने काही भागीदारांसह फिलाडेल्फियासाठी एक धंदेवाईक संघ घेतला होता. त्या मंदीच्या काळात सरकारच्या उद्योगविषयक योजनेचे चिन्ह निळा गरुड हे होते. त्यावरून त्याने आपल्या संघाचे नाव ईगल्स ठेवले.

नाव गरुडाचे, पण भरारी काही केल्या जमेना. त्या काळी लोकांना वेड होते ते विद्यापीठांच्या सामन्यांचे. पैसे घेऊन खेळणाऱ्यांकडे प्रतिष्ठित मंडळी जरा नाक मुरडूनच पाहत. १९२० साली स्थापन झालेल्या नॅशनल फुटबॉल लीगमधील संघ बुडत, बंद पडत, गाव बदलत. शिक्षण संपवून बाहेर पडणारा चांगला खेळाडू कोणत्याही संघाशी करार करायला मोकळा असे. अर्थातच तो जाई शिकागो बेअर्सकडे किंवा न्यू यॉर्क जायंट्सकडे, कारण पैसा आणि कीर्ती दोन्ही तेथे. बलवान अधिक बलवान होत, आणि दुबळ्यांचे सामने पाहायला माणूस फिरकत नसे.

मिनेसोटा विद्यापीठाच्या स्टॅन कॉस्का या खेळाडूसाठी संघांमध्ये चढाओढ लागली, तेव्हा बेलनेही ऐपतीबाहेर जाऊन बोली लावली; पण कॉस्का अखेर ब्रुकलिनच्या संघाकडे गेला. या धडपडीतून बेलने एक गोष्ट ओळखली. साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच भक्कम असते, आणि येथे तर ती कडी तो स्वतःच होता.

मे १९३५ मध्ये मालकांच्या बैठकीत त्याने आपली सूचना मांडली. विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची एकच यादी करायची. मागील हंगामात जो संघ तळाला, त्याने पहिले नाव उचलायचे. त्याच्या वरच्याने दुसरे. आणि विजेत्याने सर्वांत शेवटी. फेरी संपली की पुन्हा त्याच क्रमाने दुसरी फेरी. एकदा संघाने नाव घेतले, की त्या खेळाडूशी लीगमधील दुसऱ्या कोणी बोलणी करायची नाहीत. यात तोटा होता तो बेअर्सच्या जॉर्ज हॅलसचा आणि जायंट्सच्या टिम माराचा. तरीही दोघांनी संमती दिली. लीगच उरली नाही तर आपण जिंकणार तरी कोणाविरुद्ध, हे त्या व्यवहारी माणसांना कळले असावे. ठराव एकमताने मंजूर झाला.

८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातील रिट्झ कार्लटन हॉटेलात हा पहिला ड्राफ्ट झाला. फळ्यावर सुमारे नव्वद नावे लिहिलेली होती. नऊ संघ, नऊ फेऱ्या, एक्याऐंशी खेळाडू. १९३५ च्या हंगामात ईगल्स अकरापैकी दोनच सामने जिंकून तळाला गेले होते. म्हणून नियम आणणाऱ्यालाच पहिला मान मिळाला. बेलने शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगरचे नाव घेतले. विद्यापीठांतील सर्वोत्तम खेळाडूला दिला जाणारा, पुढे हाइझमन या नावाने प्रसिद्ध झालेला करंडक सर्वांत प्रथम मिळवणारा हाच तरुण. पण त्याची मागणी बेलला झेपण्यासारखी नव्हती. त्याने बर्वँगरचा हक्क बेअर्सना देऊन टाकला. तेथेही सौदा जमला नाही. बर्वँगरने नोकरी धरली आणि धंदेवाईक सामना तो कधीच खेळला नाही. बेलने निवडलेल्या नऊजणांपैकी एकही ईगल्सकडे आला नाही!

गंमत अशी, की त्याच दिवशी अगदी शेवटच्या फेरीत बेअर्सनी डॅनी फोर्टमन या कोलगेट विद्यापीठाच्या तरुणाचे नाव घेतले होते. त्याला डॉक्टर व्हायचे होते. तो खेळता खेळता शिकागोत वैद्यकाचा अभ्यास पुरा करून डॉक्टर झाला, आणि पुढे त्याला खेळातील सर्वोच्च सन्मानही मिळाला. शेवटी मागितल्या गेलेल्या गड्याची ही गोष्ट वाचताना मला आमची आळी आठवली नसती तरच नवल.

बेलचे दिवस मात्र लगेच पालटले नाहीत. १९३६ साली संघाचा लिलाव झाला आणि त्याने एकट्याने तो साडेचार हजार डॉलरना विकत घेतला. पैसे वाचवण्यासाठी प्रशिक्षकही तोच झाला. पाच वर्षांत दहा विजय, चव्वेचाळीस पराभव आणि दोन बरोबरी, हा त्याचा हिशेब. पुढे तो पिट्सबर्गच्या संघाचा भागीदार झाला. ईगल्सनी १९४८ आणि १९४९ साली अजिंक्यपद मिळवले तेव्हा तो त्यांचा मालक राहिला नव्हता.

जानेवारी १९४६ मध्ये मालकांनी त्याला लीगचा आयुक्त नेमले होते. त्याच वर्षी अंतिम सामन्याच्या तोंडावर एका जुगाऱ्याने जायंट्सच्या दोन खेळाडूंना लाच देऊ केल्याचे उघडकीस आले. एके काळी स्वतः जुगारात बुडालेल्या या माणसाने त्या दोघांवर कडक बंदी घातली. हंगामाचे वेळापत्रक तो घरी जेवणाच्या टेबलावर डॉमिनोच्या सोंगट्या मांडून तयार करी, आणि दुबळ्या संघांची गाठ सुरुवातीला दुबळ्यांशीच पडेल, असे पाही. प्रत्येक गावाला आपला संघ जिंकेल ही आशा जास्तीत जास्त दिवस वाटावी, एवढाच त्याचा हेतू.

परंतु चरित्र लिहिणाऱ्याने केवळ आरती ओवाळू नये. ज्या नियमाने संघांना समान न्याय दिला, त्याने खेळाडूला काय दिले? आपल्याकडे प्रवेशाच्या गुणवत्ता यादीत जास्त गुण मिळवणारा विद्यार्थी आपले महाविद्यालय स्वतः निवडतो. ड्राफ्टमध्ये मात्र विद्यार्थ्याने कितीही पराक्रम केला, तरी निवडणारा तो नव्हे. निवडला जाणारा तो. मागणारा एकच, म्हणून भावही दबलेला. शिवाय समानतेच्या या फळ्यावर सर्वांची नावे येत नव्हती. कृष्णवर्णीय खेळाडूचे नाव ड्राफ्टमध्ये प्रथम उच्चारले गेले ते १९४९ साली, जॉर्ज टॅलियाफेरोचे.

बेल हे सारे जाणत होता की नाही, हे मी सांगू शकत नाही. एवढे खरे, की १९५७ साली संसदीय समितीपुढे त्याने खेळाडूंच्या संघटनेला मान्यता जाहीर केली, आणि आज खेळाडूंच्या निवृत्तिवेतनाच्या योजनेला त्याचे नाव आहे. पुढे जिम स्मिथ या खेळाडूने ड्राफ्टविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. १९६८ साली निवडला गेलेला हा तरुण पहिल्याच वर्षी जायबंदी होऊन खेळाला कायमचा मुकला होता. तेव्हा चालू असलेला ड्राफ्ट कायद्याविरुद्ध आहे, असा निर्णय १९७६ साली आणि अपिलात १९७८ साली झाला. दरम्यान १९७७ साली मालक व संघटना यांच्यात करार होऊन फेऱ्या कमी झाल्या. एके काळी तीस असलेल्या फेऱ्या आज सातच आहेत. जो सातव्या फेरीतही निवडला जात नाही, तो हव्या त्या संघाकडे जायला मोकळा राहतो. न निवडला जाणारा थोडा अधिक स्वतंत्र, हाही एक न्यायच!

११ ऑक्टोबर १९५९ रोजी बेल फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन फील्डवर सामना पाहत बसला होता. याच मैदानावर तो विद्यापीठाकडून खेळला होता. समोर ईगल्स आणि पिट्सबर्ग, म्हणजे त्याचे दोन्ही जुने संघ. सामना संपत आला असता हृदयविकाराच्या झटक्याने त्याचे तेथेच निधन झाले.

मला माझ्या कोड्याचे उत्तर मिळाले, पण अर्धेच. हरलेल्या कप्तानाला पहिला भिडू मागू द्यावा, हे बेलने जगाला पटवले. त्याने आमच्या आळीतला डाव नक्कीच रंगला असता. पण भिंतीला टेकून आपल्या नावाची वाट पाहणाऱ्या मुलाला कोणत्या बाजूने खेळायचे आहे, हे विचारायचे त्यातही राहूनच जाते. दोन्ही कप्तानांना न्याय मिळाला म्हणजे डाव न्यायाचा झाला असे नव्हे. उद्या पदवी घेऊन आपणही कुणाच्या तरी यादीत उभे राहणार आहोत. तेव्हा आपले नाव कितव्या फेरीत येते याची चिंता जरूर करावी. पण कधी काळी फळ्यासमोर उभे राहून नावे उचलण्याची पाळी आपल्यावर आली, तर भिंतीपाशी उभ्या असलेल्या त्या मुलाला विसरू नये.