पंडिता रमाबाई : मान राखिला, विवेक राखिला

परभणी जिल्ह्यातील खेड्यांत मंडळ्यांच्या भेटीस गेले असता एक प्रश्न आम्हांस वारंवार ऐकू येतो. ऊसतोडीची उचल घेतलेला बंधू विचारितो की, मुकादमाने हिशेबात खोट धरिली तर बोलावे की मुकाट्याने राहावे? एखादी सून विचारिते की, घरच्यांचा शब्द मोडून उपासनेस यावे काय? मग कोणी रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय उघडितो, कोणी प्रेषितांच्या कृत्यांचा पाचवा. आणि दोघेही आपापला अध्याय धरून बसतात. परंतु हे दोन्ही अध्याय एकाच पवित्र शास्त्रात आहेत. ते दोन्ही एकाच आयुष्यात कसे पाळावे, हे ज्यांनी करून दाखविले त्या पंडिता रमाबाईंचे चरित्र ह्याच दृष्टीने आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले होते. त्या काळी हा मोठा अपराध समजला जाई, व त्याचा जाब शास्त्रीबोवांस उडुपी येथील विद्वानांपुढे द्यावा लागला. ते पळाले नाहीत, की त्यांनी कोणास शिवीगाळही केली नाही. शास्त्रांतील आधार गोळा करून त्यांनी आपली बाजू मांडिली. पुढे लक्ष्मीबाईंनी हीच विद्या आपल्या मुलीस दिली. अधिकाऱ्यापुढे उभे राहावे, त्याचे ऐकावे, आणि आपले म्हणणे पुराव्यासह सांगावे, हा धडा रमाबाईंस असा घरातच मिळाला.

पुढे घरची संपत्ती सरली. तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरताना दुष्काळाने ह्या कुटुंबास गाठिले. सन १८७४ त वडील वारले व पाठोपाठ आईही गेली. भाऊ श्रीनिवास ह्यांच्यासह रमाबाई सन १८७८ त कलकत्त्यास पोहोचल्या, व तेथील विद्वानांनी त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. भावाच्या मृत्यूनंतर सन १८८० त त्यांनी बिपिनबिहारी ह्या बंगाली वकिलाशी जातीबाहेर नोंदणी विवाह केला. सिल्चर येथे लूककृत शुभवर्तमान त्यांच्या हाती आले आणि त्या एका मिशनऱ्यापाशी शास्त्र समजून घेऊ लागल्या. पतीस हे रुचले नाही. परंतु सन १८८२ त पटकीने पतीचे अकाली निधन झाले, आणि तान्ह्या मनोरमेस घेऊन रमाबाई पुण्यास आल्या.

सन १८८३ त त्या विलायतेस गेल्या. २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर बाईंस एका नव्याच अधिकाराशी गाठ पडली, आणि हा अधिकार परक्यांचा नव्हता. ज्यांनी त्यांस अन्न, वस्त्र व विद्या दिली त्याच ख्रिस्ती मंडळींचा होता. ज्या जेराल्डिन सिस्टरना त्या प्रेमाने आजीबाई म्हणत, त्यांची अपेक्षा अशी की, बाईंनी आपले विचार मंडळीच्या वडिलांच्या स्वाधीन करावे. बाई चेल्टनहॅमच्या कॉलेजात संस्कृत शिकवीत असत. तेथे पुरुष विद्यार्थ्यांस शिकविण्याची गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. क्रुसावरील अक्षरे लॅटिनात असावी असे सिस्टरांचे म्हणणे. जी भाषा आपल्या देशबांधवांस कळत नाही ती का, ती संस्कृतात का नको, असे बाईंचे विचारणे. ह्या प्रत्येक बाबतीत बाईंनी मोठमोठी पत्रे लिहिली. त्यांत उपकारांचे विस्मरण नाही. पण उपकाराच्या मोबदल्यात विवेक द्यावयाचा नाही, हेही त्यांत स्पष्ट आहे. सिस्टरांच्या पाठीमागे कुरकूर न करिता त्यांनी सिस्टरांसच लिहिले, आणि मतभेद टिकूनही नाते तोडिले नाही.

पुढे अमेरिकेतील मित्रांच्या साहाय्याने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले, व पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. कोणत्याही मुलीवर धर्माची सक्ती करावयाची नाही, असा तेथील नियम होता. बाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत. दार मात्र लावीत नसत, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. सल्लागार मंडळातील रानडे व भांडारकर ह्यांसारख्या थोर पुरुषांस ते मान्य झाले नाही. सन १८९३ त त्यांनी राजीनामे दिले व पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. दार लाविले असते तर शाळा भरलेली राहिली असती. बाईंनी नियम मोडिला नाही, आणि दारही लाविले नाही. त्याची किंमत त्यांनी रिकाम्या बाकांच्या रूपाने भरिली.

सन १८९७ त पुण्यास प्लेग आला. सरकारी इस्पितळात स्त्रियांच्या अब्रूची नीट काळजी घेतली जात नाही, असे रमाबाईंनी मुंबईच्या एका ख्रिस्ती वृत्तपत्रातून उघड लिहिले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट ह्यांनी तो आरोप नाकारिला. ज्या सरकारचा धर्म ख्रिस्तीच म्हणविला जाई त्याच्याविरुद्ध एका ख्रिस्ती बाईने बोलावे, हे पुष्कळांस खटकले असेल. परंतु आपल्या आश्रयास आलेल्या मुलींसाठी बोलणे त्यांनी टाळिले नाही. त्याच सरकारने सन १९१९ त त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिले.

आता अधिकार त्यांच्याच हाती आला, तेव्हा त्यांनी काय केले? त्या दुष्काळात मध्यप्रांतातून सुमारे तीनशे निराधार मुली व बायका आणून त्यांनी केडगावच्या मुक्तिसदनात ठेविल्या. सन १९०० च्या दुष्काळानंतर ही संख्या हजारांवर गेली. त्यांस केवळ अन्न देऊन आज्ञेत ठेविले नाही. विणकाम, शेती, छापखाना अशी कामे शिकवून आपल्या पायांवर उभे केले. स्वतः हिब्रू व ग्रीक शिकून बाईंनी पवित्र शास्त्राचे भाषांतर साध्या मराठीत केले, म्हणजे खेड्यातील बाईस ते पंडिताच्या मध्यस्थीवाचून कळावे. सन १९२१ त मनोरमाबाई वारल्या. ते दुःख पोटात घालून भाषांतराचे काम पुरे करीत ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूपाशी गेल्या.

बंधुभगिनींनो, ह्या चरित्रावरून त्या दोन अध्यायांचे भांडण मिटावयास हरकत नाही. बाईंनी अधिकाऱ्याचा मान राखिला, म्हणूनच त्याच्या तोंडावर खरे सांगितले. कारण पाठीमागे निंदा करणे हा मान नव्हे. सांगितले ते पुराव्यासह सांगितले, आणि त्याचा भार दुसऱ्यावर न टाकिता स्वतः सोशिला. मुकादमाशी बोलावयाचे असेल तर उचलीचा व टनांचा हिशेब वहीत मांडून ठेवा, चार सोबत्यांसह जा, आणि आवाज न चढविता बोला. सुनेने घरचे काम चुकवू नये, आणि प्रार्थनाही लपवू नये. मात्र जेथे मारहाण होते, तेथे गप्प बसण्यास आम्ही कोणासही सांगणार नाही. मंडळीने तिच्या पाठीशी उभे राहावे.

आणि आम्ही पाळक, वडील, सासरे, घरधनी, ज्यांच्या हाती थोडाबहुत अधिकार आहे, त्यांनी हे चरित्र उलट्या बाजूनेही वाचावे. आमच्या मंडळीत एखादी रमा उठून प्रश्न विचारू लागली तर आम्ही तिला उत्तर देऊ, की वडीलपणा दाखवून गप्प बसवू? पुष्कळदा आम्ही दुसरेच केले आहे, हे आम्ही नम्रपणे कबूल करितो. प्रभू आम्हांस ऐकण्याचे कान देवो.